पिकअप गाडीची थरथर : कारणे व परीक्षा

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी पिकअप गाडीचा उपयोग आता गावोगावी होत आहे. गावच्या रस्त्यावर सुरळीत चालणारी गाडी महामार्गावर ताशी 70 ते 80 किलोमीटर वेग घेताच थरथरू लागते, असा अनुभव अनेक शेतकरी बंधूंना येतो. या थरथरीमुळे टोमॅटो, द्राक्षे यांसारखा नाजूक माल डागाळतो आणि टायर व बेअरिंगे अकाली झिजतात. कधी कधी ती चाकाचे नट ढिले झाल्याची पूर्वसूचनाही असते. म्हणून तिची उपेक्षा करू नये.

थरथर वेगातच का जाणवते?

फिरत्या चाकाची एक बाजू जड असली की ती चाकास बाहेर ओढते. वेग दुप्पट झाल्यास ही ओढ चौपट होते. ताशी 80 किलोमीटर वेगाने 2 मीटर परिघाचे चाक सेकंदास सुमारे 11 फेरे घेते. अशा चाकाच्या रिमला, मध्यापासून 20 सेंटीमीटर अंतरावर, 100 ग्रॅम चिखल वाळून बसला असेल, तर त्याची ओढ सुमारे 10 किलो वजनाइतकी होते. ताशी 40 किलोमीटर वेगास ती अवघी अडीच किलो असते. त्यामुळे जाणवत नाही.

लक्षणांवरून कारण ओळखणे

1. स्टिअरिंग थरथरत असल्यास दोष बहुधा पुढील चाकांत असतो.

2. बैठक व तळ थरथरत असल्यास मागील चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट तपासावा. शाफ्ट चाकाहून कित्येक पट वेगाने फिरत असल्याने त्याची थरथर बारीक व घूं घूं करणारी असते.

3. केवळ ब्रेक लावतानाच थरथर होत असल्यास ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा झाला असावा.

4. सपाट व मोकळ्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून, गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्यावी. थरथर तशीच राहिल्यास दोष चाकांत किंवा शाफ्टमध्ये असतो. थांबल्यास इंजिनाकडे किंवा ताण पडल्यावर बोलणाऱ्या सांध्यांकडे पाहावे. घाटात वा उतारावर ही परीक्षा कदापि करू नये.

घरी करावयाची तपासणी

शेतातून निघालेल्या गाडीच्या रिमच्या आतील बाजूस चिखल साचतो. तो प्रथम पाण्याने धुऊन काढावा. पुष्कळदा एवढ्यानेच थरथर नाहीशी होते. नंतर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. टायरमधील हवा मोजावी. टायरला फुगवटा किंवा एकाच जागी झीज आढळल्यास तो टायर महामार्गावर वापरू नये. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, इंजिन बंद करावे आणि शाफ्ट हाताने हलवून पाहावा. सांध्यात खटखट जाणवल्यास क्रॉस झिजला आहे असे समजावे.

एवढे करूनही दोष न गेल्यास चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. थरथर कोणत्या वेगास, कोठे, रिकाम्या की भरलेल्या गाडीत होते, याची नोंद कारागिरास दाखवावी. त्यामुळे चांगले भाग विनाकारण बदलण्याचा खर्च वाचतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काढणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी गावातील गाडीमालकांस प्रत्यक्ष करून दाखवावी.