पेरणीसाठी राखलेला बर्फ

लडाखमधील एखादे दूरचे शेतकरी गाव डोळ्यांसमोर आणा. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. चहूबाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठाने एक हिरवी पट्टी. त्या पट्टीतच घरे, जवाची आणि वाटाण्याची शेते व पॉप्लरची झाडे. लेह येथे वर्षभरातील पाऊस आणि हिम मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्याकडे मुसळधार पावसाच्या एका दिवसातही एवढे पाणी पडून जाते. मग तिथली शेती चालते कशावर? डोंगरमाथ्यावरील हिमनद्यांच्या आणि साचलेल्या हिमाच्या वितळण्यावर.

या पाण्याची वाटणी करण्याची गावाची जुनी पद्धत आहे. ‘झिंग’ नावाच्या लहान तळ्यात रात्रभर येणारे पाणी साठवून ते दिवसा शेतांना सोडतात. कोणाच्या शेताला केव्हा आणि किती पाणी द्यायचे हे गावाने नेमलेला ‘चुरपोन’ म्हणजे पाटकरी ठरवतो. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु वाटायला मुळात पाणी हवे!

अडचण पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याच्या वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत होते. त्या वेळी पाच हजार मीटरांहून उंच असलेला बर्फ अजून गोठलेलाच असतो. ओढ्याला भरपूर पाणी येते ते जूननंतर. वर्षात पीक एकच आणि उन्हाळा लहान. पेरणी लांबली, तर दाणा भरण्यापूर्वीच थंडी येऊन ठेपते. उलट, हिवाळाभर ओढ्यातून जी बारीक धार वाहते, तिचा शेताला काहीच उपयोग होत नाही. हिवाळ्यातील ही धार वसंतापर्यंत राखून ठेवता येईल का?

हा प्रश्न स्थापत्य अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी हाती घेतला. त्यांना एक साधी गोष्ट दिसली होती. ओढ्याचे वेगाने वाहणारे पाणी गोठत नव्हते. पण नळाचे सावकाश पसरणारे पाणी झाडाच्या सावलीत गोठून गेले होते. याचे कारण पाहू. पाण्याची उष्णता मुख्यतः त्याच्या पृष्ठभागावाटे हवेत जाते. पाणी उथळ पसरले, की तेवढ्याच पृष्ठभागाखाली थोडे पाणी राहते आणि ते लवकर निवते. नॉर्फेल यांनी १९८७ पासून डोंगराच्या सावलीच्या बाजूला दगडी बांध घालून ओढ्याचे पाणी संथ व उथळ केले. थरावर थर गोठत जाऊन कृत्रिम हिमनदी तयार झाली. ती गाव आणि मूळ हिमनदी यांच्या मध्ये असते. उंचीबरोबर हवेचे तापमान दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे खालचा बर्फ वरच्या बर्फाच्या आधी, म्हणजे नेमका पेरणीच्या सुमारास वितळू लागतो. या कार्याबद्दल त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली.

मात्र या पद्धतीला उंचावरची, सावलीची जागा लागते. सपाट पसरलेला बर्फ गावालगतच्या उन्हात टिकत नाही. यावर सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात निराळा प्रयोग केला. त्यांनी बर्फ आडवा पसरण्याऐवजी उभा रचला. हाच बर्फाचा स्तूप. पहिला स्तूप सुमारे सहा मीटर उंच होता. त्यात अदमासे दीड लाख लिटर पाणी होते आणि मे महिना उजाडला तरी तो शिल्लक होता.

याला पंप लागत नाही. ओढ्याचे पाणी वरच्या बाजूला नळीत घेऊन ती नळी जमिनीखालून गावापर्यंत आणतात. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे एक वातावरण दाब मिळतो. नळीचे वरचे तोंड ६० मीटर उंचीवर असेल, तर खाली सुमारे सहा वातावरणे दाब होईल. पाणी वाहू लागल्यावर घर्षणामुळे तो कमी होतो, तरीही उभ्या नळीतून कारंजे उडण्यास पुरतो. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत हे तुषार खाली पडता पडता गोठतात.

एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करण्यास एक कॅलरी उष्णता काढावी लागते. परंतु शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करताना ८० कॅलरी काढाव्या लागतात. हीच सुप्त उष्णता. ती लवकर बाहेर जावी म्हणून पृष्ठभाग मोठा हवा. एक लिटर पाण्याच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक-एक मिलिमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ शंभर पट होते! तुषारांचे गुपित हेच.

वसंतात गरज नेमकी उलटी असते. वितळताना प्रत्येक ग्रॅमला तेवढ्याच ८० कॅलरी मिळाव्या लागतात. म्हणून आता पृष्ठभाग लहान हवा. हिशेब करा. दीड लाख लिटर पाण्याचा बर्फ सुमारे १६४ घनमीटर होतो. त्याचा सहा मीटर उंच शंकू केला, तर तळाची त्रिज्या सुमारे ५.१ मीटर आणि वक्र पृष्ठफळ सुमारे १२६ चौरस मीटर येते. तोच बर्फ २० सेंटिमीटर जाड पसरला, तर वरचे पृष्ठफळ ८२० चौरस मीटर होते, म्हणजे साडेसहा पट. शंकूची सर्व मापे दुप्पट केली, तर घनफळ आठ पट होते, पृष्ठफळ मात्र चार पटच. म्हणून मोठा स्तूप अधिक टिकतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. स्तूप नवे पाणी निर्माण करीत नाही. तो फक्त पाण्याची वेळ बदलतो. हवामान तापत आहे आणि हिमालयातील हिमनद्या आक्रसत आहेत. पाणी आटल्यामुळे कुलुमसारख्या वस्तीतील कुटुंबांना घरे सोडावी लागली. शिवाय वरच्या गावाने हिवाळ्यात पाणी अडवले, तर खालच्या गावाचे काय, हा प्रश्न सूत्राने सुटत नाही. तिथे चुरपोनसारखा सर्वांनी मानलेला माणूसच हवा.

करून पाहा : एका पेल्यात आणि एका पसरट ताटलीत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी गोठवा. दोन्ही बर्फ बाहेर काढून वेगवेगळ्या चाळणीत ठेवा व खाली भांडी ठेवा. दर दहा मिनिटांनी गळलेले पाणी मोजून आलेख काढा. कोणता बर्फ अधिक वेळ पाणी देतो? तुमच्या गावाला असे पाणी वर्षाच्या कोणत्या महिन्यात हवे असते, हेही घरच्या शेतकऱ्यांना विचारा.