प्रेषकयंत्राची पहिली जुळणी

निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी संदेशानें चालणारी नौका लोकांस दाखविली. त्याच युक्तीनें उडणाऱ्या लहान विमानाचें नवें प्रेषकयंत्र हातीं आलें कीं मुलांस उड्डाणाची घाई होते. परंतु प्रथम विमानाच्या नाकावरील पंखा काढून ठेवावा. फिरता पंखा बोटें कापतो. आधीं प्रेषकयंत्र सुरू करावें, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करतांना क्रम उलटा.

आतां विमानाच्या मागें उभें राहून दांडी उजवीकडे न्यावी. उजव्या पंखावरील झडप वर व डाव्यावरील खालीं गेली पाहिजे. उलट घडल्यास दिशा बदलण्याची सोय प्रेषकयंत्रांतच असते. आम्हीं एकदां ही परीक्षा समोर उभें राहून उरकली. समोरून डावें-उजवें बदलतें हें ध्यानांत आलें नाहीं. विमान सुटतांच डावीकडे कललें, सावरावयास गेलों तों अधिकच कललें, आणि तीन आठवड्यांचें काम तीन क्षणांत मोडलें.

शेवटीं मोटर किंचित् चालू ठेवून, वरील क्रम मुद्दाम मोडून, प्रेषकयंत्र बंद करावें. मोटर आपोआप थांबली पाहिजे. न थांबल्यास पुस्तिकेप्रमाणें ती योजना पुन्हां बसवावी, कारण संबंध तुटलेलें विमान कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. त्यानंतरच पंखा जोडावा.