गुलाबाचीं कातरलेलीं पानें

बागेंतील गुलाबाकडे बारकाईनें पाहिलें असतां कांहीं पानांच्या कडेचे अर्धचंद्राकृति तुकडे नाहींसे झालेले आढळतात. काप इतका गुळगुळीत असतो कीं जणूं शिंप्यानें कातरीनें कापड बेतलें आहे. पुष्कळ लोक हा रोग समजून विषारी औषधाची पिचकारी हातीं घेतात. परंतु हा रोग नव्हे, आणि पान खाणाऱ्या अळीचेंहि हें काम नव्हे. पानें कापणारी ही एक मधमाशी आहे. शास्त्रांत तिला मेगाकायली म्हणतात.

सातेरी किंवा आग्या माशीप्रमाणें ती पोळें बांधीत नाहीं, एकटीच राहते. भिंतींतील भोंक किंवा पोकळ काडी शोधून तींत ती पानांच्या तुकड्यांची अंगुस्तानासारखी लहानशी डबी रचते. बाजूंस लांबट तुकडे, झाकणास मात्र अगदीं वाटोळे. आंत पराग व मध यांची शिदोरी भरून, तीवर एकच अंडें घालून, ती डबीचें तोंड बंद करते आणि लागलीच दुसरीच्या कामास लागते. पराग ती पोटाखालच्या केसांवर वाहून नेते. तो कोरडा व सैल असल्यामुळें फुलाफुलांत सहज सांडतो व बीजधारणा होते. एवढ्या कामाच्या मोबदल्यांत चार पानांच्या कडा गेल्या तर गुलाबाचें कांहीं अडत नाहीं.

फूल व कीटक यांचें हें नातें जर्मनींतील स्पांडाउ येथील शाळेचा मुख्याध्यापक श्प्रेंगेल यानें १७९३ मध्यें ग्रंथरूपानें सविस्तर मांडलें. फुलांवरील ठिपके व रेषा कीटकाला मधाची वाट दाखवितात, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या हयातींत कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें डार्विननें त्याची योग्यता ओळखली. (मास्तर वर्ग सोडून बागेंत रमले, तर पालकांनीं एकदम रागावूं नये!)

दाट पाकळ्यांच्या गुलाबांत मात्र पुष्कळशा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीस तेथें फारसें मिळत नाहीं. म्हणून शेजारीं तुळस, सूर्यफूल किंवा एकेरी गुलाब अवश्य असावा.

आतां खरे रोग. पावसाळ्यांत पानांवर झालरीसारख्या कडांचे काळे ठिपके पडून पान पिवळें होतें व गळतें. ही बुरशी आहे. पान कित्येक तास ओलें राहिल्यावांचून तिचें बीज रुजत नाहीं. यास्तव पाणी सकाळीं व मुळाशीं घालावें, आणि गळलेलीं पानें वेंचून जाळावीं. भुरी हा रोग याच्या उलट कोरड्या दिवसांतहि येतो व कोवळे शेंडे पिठासारखे पांढरे करतो. त्यावर गंधकाची भुकटी धुरळावी, पण कडक उन्हांत नव्हे. मावा पाण्याच्या जोरदार धारेनें निघतो. ठिपकेदार ढालकिडे व त्यांच्या कुरूप अळ्या तो फस्त करतात, त्यांना मारूं नये. औषध मारणें भागच पडलें तर सूर्यास्तानंतर, आणि उमललेलीं फुलें टाळून मारावें. सकाळीं मारलेल्या विषांत माव्याच्या आधीं मधमाशी मरते.

पेन्सिल शिरेल एवढ्या पोकळीचीं बांबूचीं कांडीं, एक तोंड बंद ठेवून, पागोळ्यांपासून दूर वळचणीस आडवीं बांधावीं. एखाद्याचें तोंड हिरव्या पानांनीं बुजलेलें दिसल्यास तें हलवूं नये. आंत अळी वाढत असते.