तुरीतला भुंगेरा आणि संत्र्याची साल

नागपूरचा कळमना बाजार आपल्याला ठाऊक आहे. माघ-फाल्गुनात तिथं तुरीची पोती येतात. त्याच दिवसांत मृग बहाराची संत्रीही येतात. तुरीला भुंगेरा लागतो. संत्र्याच्या सालीत असं तेल असतं, की ज्याचा वास भुंगेऱ्याला नकोसा होतो. आज या दोघांची माहिती घेऊ.

बाजारात माल फार आला की भाव उतरतो. मग शेतकरी म्हणतो, "थोडी तूर ठेवू, भाव चढला की विकू." पण दोन-तीन महिन्यांनी पोतं उघडावं, तर दाण्यांना भोकं! व्यापारी मूठभर तूर तळहातावर घेतो, भोकं बघतो आणि भाव पाडतो. असे दाणे पेरले तरी नीट उगवत नाहीत.

ही कीड येते कुठून? पुष्कळदा शेतातूनच. मादी वाळत्या शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी चिकटवते. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. अळी दाणा पोखरून आत शिरते व आतच वाढते. उन्हाळ्यात सुमारे महिनाभरात तिचा भुंगेरा होतो आणि गोल भोक पाडून बाहेर येतो.

आता वासाचं तेल पाहू. संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीकडे धरून दाबा. ठिणग्या उडतात. ते सालीतलं तेल. लवंग, ओवा, निलगिरी, गवती चहा यांतही असं तेल असतं. या वासानं भुंगेरा दूर राहतो, अंडी कमी घालतो.

पण हे तेल उडून जातं. कागदावर सालीचं तेल पिळा. शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब टाका. दुसऱ्या दिवशी सालीचा डाग जवळजवळ गेलेला दिसेल. शेंगदाण्याचा डाग तसाच राहील. शिवाय दाण्यात बसलेली अळी बाहेरच्या वासानं निघत नाही. म्हणून नुसत्या वासावर विसंबू नये.

मग करावं काय?

1. तूर कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच भरावी.

2. जुनं पोतं झटकून, धुऊन, उन्हात तापवावं. शिवणीत कीड लपते. नव्या तुरीत जुनी मिसळू नये.

3. घरच्या तुरीला किलोमागं एक लहान चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, शेंगदाण्याचं तेल चोळावं. अंड्यावर तेल बसलं की त्याची हवा तुटते आणि अंडं मरतं. बियाण्याला निंबोळीचं तेल चालतं. ते कडू असतं. तो दाणा खाऊ नये.

4. कडुनिंबाचा पाला व संत्र्याची साल सावलीत पुरती वाळवून घालावी. ओली घातली तर बुरशी येते. वास गेला की बदलावी.

5. झाकण घट्ट लावावं. दर पंधरा दिवसांनी दाणे बघावेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची विषारी गोळी घरच्या धान्यात कधी ठेवू नका. दमट हवेत तिच्यातून वायू निघतो. त्यानं खोलीत निजलेली माणसं मरतात. ते काम गोदामातल्या शिकलेल्या माणसांचं. चार पोती तूर वाचवायला लेकराबाळांचा जीव धोक्यात घालू नये.

प्रश्न : अळी कुठं वाढते? एक क्विंटल तुरीला किती तेल लागेल? ओली साल का घालू नये?