रात्रपाळीचा हिशेब

मोबाईलवरील खेळ म्हटला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पुष्कळदा त्या पडायलाच हव्यात. परंतु एखादा खेळ असा निघतो की त्याची रचना उलगडून पाहिली असता गणिताचा एक चांगला धडा हाती लागतो. ‘फ्रेडी फाझबेअर्स पिझ्झेरिया सिम्युलेटर’ हा तसा खेळ आहे. अमेरिकेतील स्कॉट कॉथन याने तो डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम संगणकासाठी प्रसिद्ध केला व पुढे तो मोबाईलवरही आला.

या खेळात तुमच्याकडे एक खाद्यगृह सोपवलेले असते. दिवसा तुम्ही दुकानदार. थोड्याशा भांडवलातून टेबले, खेळणी, करमणुकीच्या यांत्रिक बाहुल्या विकत घ्यायच्या आणि गिऱ्हाईक वाढवायचे. रात्री मात्र एका कोंदट खोलीत बसून मालाची मागणी, जाहिराती, देखभाल अशी राहिलेली कामे संगणकावर उरकायची, आणि त्याच वेळी हवेच्या नळांतून सरपटत येणाऱ्या खुनशी यंत्रबाहुल्यांपासून जीव वाचवायचा. मेख अशी की, संगणक व पंखा चालू असला म्हणजे त्यांच्या घरघरीत बाहुल्यांची चाहूल लागत नाही. ते बंद करून कान द्यावा, तर काम अडते व खोली तापू लागते. शिवाय स्वस्तात मिळालेल्या मालात एखादी बाहुली दडून आत येण्याचा धोका असतो तो वेगळाच! म्हणजे दिवसा वाचवलेला पैसा रात्री अंगावर येतो.

आता हीच मांडणी भुतांशिवाय पाहू. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील धाटावला जावे लागेल. रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंडलिका नदीच्या काठाने, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत आहे. येथील बरेचसे कारखाने रासायनिक आहेत. आजूबाजूच्या गावांतील अनेक घरांत कोणी ना कोणी पाळीवर जाते. रात्रपाळीच्या माणसाला एकाच वेळी दोन कामे करावयाची असतात : ठरलेला माल वेळेत काढणे, आणि टाकीतील तापमान, दाब, पंपाचा बदललेला आवाज यांवर लक्ष ठेवणे. खेळातील बाहुल्या खोट्या आहेत. हा दुहेरी हिशेब मात्र खरा आहे.

तो समजण्यासाठी मोबाईल लागत नाही. तीन फासे, कागद व पेन्सिल पुरे. वर्गात छत्तीस विद्यार्थी आहेत असे समजा. प्रत्येकाचा एक कारखाना. प्रत्येकाला रोज १०० रुपये मिळतात. संरक्षणाची तीन साधने विकत घेता येतात : तापमान दाखवणारा मापक, दाब वाढल्यास उघडणारी झडप आणि पहाऱ्याचा माणूस. प्रत्येक साधनाचा खर्च रोज २० रुपये. निदान एक साधन घ्यावेच लागते. रात्र झाली की जितकी साधने घेतली असतील तितके फासे टाकायचे. फाशावर १ पडला की त्या रात्री ते साधन निकामी. घेतलेली सगळी साधने एकाच रात्री निकामी झाली की कारखाना संपला व मिळवलेले पैसेही गेले.

एकच साधन घेणाऱ्याला रोज ८० रुपये उरतात, दोन घेणाऱ्याला ६० आणि तीन घेणाऱ्याला ४०. सात रात्रींनंतर यांतले जे टिकले त्यांच्याजवळ अनुक्रमे ५६०, ४२० व २८० रुपये जमतील. आता कोण किती टिकतील ते पाहू. एका साधनावर एक रात्र सुखरूप जाण्याची संभाव्यता ५/६. सात रात्रींसाठी हा अपूर्णांक सात वेळा गुणला की सुमारे ०.२८ येतो. म्हणजे साऱ्या वर्गाने एकेकच साधन घेतले, तर छत्तीसपैकी साधारण दहाजण टिकतील.

येथे क्षणभर थांबा, कारण खरी गंमत येथेच आहे. त्या दहाजणांकडे पाहा. त्यांनी खर्च वाचवला, सात रात्री काहीही झाले नाही, आणि तीन साधने घेणाऱ्याच्या दुप्पट पैसे त्यांच्या खिशात आहेत. ते स्वतःला हुशार समजतील, इतरही त्यांना हुशार समजतील. बुडालेले सव्वीस शर्यतीतून बाहेर गेल्यामुळे त्यांना कोणी विचारणार नाही. दहाजणांनी निराळे असे काही केले नव्हते. त्यांच्या फाशावर १ पडला नाही, इतकेच.

आता खेळ तीस रात्री चालू द्या. एका साधनाने टिकण्याची संभाव्यता ०.००४ इतकी खाली येते. छत्तीसच्या वर्गात बहुधा एकही उरणार नाही. दोन साधने असतील तर संकटाची संभाव्यता दर रात्री १/३६ होते. मग तीस रात्रींनंतर पंधराएक कारखाने चालू राहतील. तीन साधनांनी ती १/२१६ होते व एकतीस कारखाने शिल्लक राहतात. प्रत्येक नवे साधन धोका सहापटीने कमी करते, पण खर्च प्रत्येक वेळी वीसच रुपयांनी वाढतो. आणि तरीही पहिल्या आठवड्यात हा खर्च वायफळच वाटतो. सुरक्षिततेवरचा खर्च रोज वहीत दिसतो. त्याचा फायदा म्हणजे न घडलेली घटना, आणि न घडलेल्या घटनेचा रकाना कोणत्याही वहीत नसतो.

भोपाळची दुर्घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री व ३ डिसेंबरच्या पहाटे तेथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला व हजारो माणसे मेली. हा पदार्थ सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि पाण्याशी संयोग झाल्यास मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकतो. म्हणून तो थंड ठेवण्यासाठी शीतयंत्रणा होती. वायू सुटलाच तर तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुणारा मनोरा होता. त्यातूनही निसटला तर जाळून टाकणारी ज्योतीची चिमणी होती. म्हणजे आपल्या खेळातल्यासारखीच तीन साधने! परंतु कारखाना तोट्यात होता व खर्चाला कात्री लागली होती. शीतयंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, चिमणीचा नळ दुरुस्तीसाठी सोडवलेला होता, आणि धुण्याच्या मनोऱ्याला इतक्या प्रचंड वायूला तोंड देणे शक्य नव्हते. टाकीत पाणी शिरले तेव्हा कागदावर तीन साधने होती; प्रत्यक्षात फासा टाकायला जवळजवळ एकही उरले नव्हते. या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला, व १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले.

चाणाक्ष विद्यार्थी आता एक शंका काढील. तीन साधनांचा गुणाकार १/२१६ येतो तो प्रत्येकाचा फासा वेगळा असेल तरच. तिन्ही साधने एकाच विजेच्या तारेवर चालत असतील तर? शंका अगदी रास्त आहे. तसे असेल तर तीन फासे टाकण्याऐवजी एकच टाका आणि तोच आकडा तिघांना लावा. पैसे तीन साधनांचे गेले, पण धोका पुन्हा १/६ वर आला. वर्गात हा प्रकार अवश्य करून पाहावा. शिक्षकांनी समजावण्यापेक्षा तो अधिक लवकर समजतो. तिन्ही साधनांवर नजर ठेवणारा माणूस एकच असेल आणि तो जागरणाने थकलेला असेल, तरी हेच घडते. मध्यरात्रीनंतर शरीराचे तापमान व मनाची सावधगिरी दोन्ही उतरतात. अमेरिकेतील थ्री माईल आयलंडच्या अणुकेंद्रातील अपघात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास सुरू झाला. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. भोपाळची वेळ वर आलीच आहे. अर्थात, अपघात काही फक्त रात्रीच होतात असे नाही.

१२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटाव वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मिथेनॉलच्या साठवण टाकीपाशी वेल्डिंगचे काम चालू असताना स्फोट झाला व तीन कामगार मृत्युमुखी पडले. ही वेळ सकाळची होती. मिथेनॉल हा पदार्थ तुम्हाला रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटला असेल. सुमारे ११ अंश सेल्सिअसच्या वर त्याची इतकी वाफ होते की ठिणगी मिळताच ती पेट घेते, आणि कोकणात दिवसाचे तापमान एवढे खाली उतरतच नाही. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण ६ ते ३६ टक्के असेल तर मिश्रण पेटू शकते. म्हणूनच अशा द्रवाची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक ठरू शकते : आत द्रव नाही, पण वाफ आणि हवा दोन्ही आहेत. यासाठी वेल्डिंगपूर्वी टाकी धुणे, नळ तोडून त्याचे तोंड बंद करणे, आत नायट्रोजन सोडणे, मापकाने वाफ तपासणे आणि लेखी परवाना देणे अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. यातील प्रत्येक पायरी म्हणजे एक स्वतंत्र फासा. ‘टाकी कालच धुतली आहे, आता तपासायचे कशाला?’ असे कोणी म्हटले की एक फासा कमी झाला.

शेवटी खेळाचा आणखी एक हिशेब. तीन साधने असताना तिन्ही फाशांवर १ पडण्याचा प्रकार २१६ पैकी एकच आहे. परंतु नेमक्या दोन फाशांवर १ पडण्याचे प्रकार किती? निकामी होणारी जोडी तीन तऱ्हांनी निवडता येते, आणि उरलेल्या फाशावर २ ते ६ पैकी कोणताही आकडा चालतो. म्हणजे १५. याचा अर्थ, एका सर्वनाशामागे पंधरा रात्री अशा असतात की दोन साधने निकामी झाली होती आणि एकाने सारे सावरले. कारखान्यांत याला थोडक्यात टळलेला अपघात म्हणतात, आणि चांगल्या कारखान्यांत त्याची वही ठेवतात. सकाळी सगळे ठीक दिसते, म्हणून ती वही लिहिण्याचा कंटाळा येतो हेही खरे.

पुढच्या वेळी खेळताना एका विद्यार्थ्याला असा नोंदनीस करा. ज्या रात्री दोन १ पडतील, त्या कारखान्याने दुसरा दिवस बंद ठेवून ५० रुपये दुरुस्तीला द्यावेत. त्यानंतर पाच रात्री त्याच्या एका फाशावर १ पडला तरी तो धरू नये. तीस रात्रींनंतर एकतीसऐवजी किती कारखाने चालू राहतात आणि प्रत्येकाजवळ किती पैसे उरतात, ते वहीत मांडून पाहा.