जनुकाची चिठ्ठी आणि प्रोटीनचा हिशेब



दहावीच्या तासाला एका विद्यार्थिनीने आम्हास विचारले, "सर, कर्करोगाच्या गाठीतील जनुके तपासली की सगळे कळते ना?" प्रश्न घरच्या आजारपणातून आला होता, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देत आहोत.

जनुके म्हणजे पाककृतींची वही. त्यातील एक कृती उतरवून आर.एन.ए.ची चिठ्ठी पेशीच्या स्वयंपाकघरात जाते आणि तेथे प्रोटीन तयार होते. (पुस्तकात 'प्रथिन' आहे, पण आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तोंडी 'प्रोटीन'च बसले आहे.) पेशीतील बहुतेक कामे प्रोटीने करतात आणि पुष्कळशी औषधेही त्यांच्यावरच चालतात. वहीत पुरणपोळी लिहिलेली आहे, एवढ्यावरून ताटात किती पोळ्या पडल्या ते समजत नाही.

अमेरिकेत २००६ साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने गाठींतील जनुकांचा मोठा नकाशा करण्यास आरंभ झाला. पुढे त्याच संग्रहातील गाठींची प्रोटीनेही मोजण्यात आली. २०१४ साली मोठे आतडे व गुदाशय यांच्या ९५ गाठींचे निष्कर्ष 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या वाढल्या की प्रोटीनही वाढते, हा मेळ सुमारे एक तृतीयांश जनुकांतच भरवशाने दिसला! चिठ्ठ्यांवरून एका गटातल्या वाटणाऱ्या काही गाठी प्रोटीनच्या हिशेबात दोन गटांत विभागल्या गेल्या.

म्हणून जनुकांची तपासणी फुकट, असे मात्र नव्हे. गाठीत जनुकांचे बदल ढीगभर असतात. त्यातला कोणता प्रोटीनपर्यंत पोचला, हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते. स्तनाच्या कर्करोगात डॉक्टर आजही 'हर-२' हे प्रोटीन रंग देऊन पाहतात व शंका राहिल्यास त्याच्या जनुकाच्या प्रती मोजतात.

हे काम एका प्रयोगशाळेचे नाही. सगळ्यांची मोजमापे जुळली नाहीत तर एकत्र करणार काय? म्हणून आधी आठ प्रयोगशाळांनी रक्तद्रवातील तीच सात प्रोटीने स्वतंत्रपणे मोजून पाहिली. ती तुलना २००९ साली प्रसिद्ध झाली. (प्रयोगवहीत शेजारच्याची रीडिंग उतरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.)

२०१८ साली मुंबईची आय.आय.टी. व टाटा मेमोरियल सेंटर या आंतरराष्ट्रीय कामात सामील झाले. आपल्याकडील अनेक कुटुंबे उपचारासाठी ज्या 'टाटा'त जातात, ते हेच.