अनुभव आला म्हणजे झालं?

21 सप्टेंबर 1995 आठवतो? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील आणि वाटीभर दूध घेऊन आईबरोबर देवळाच्या रांगेतही उभे राहिले असाल. गणपती दूध पितोय, ही बातमी एका दिवसात देशभर पसरली होती. चमचा सोंडेला टेकवला की दूध खरोखरच कमी व्हायचं. बघणारे काही खोटं बोलत नव्हते. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, आणि तेच दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळानं खाली उतरताना दिसलं. पृष्ठताणाचा खेळ!

मुलं रूढींबद्दल प्रश्न विचारू लागली की आपण ऐटीत सांगतो, 'स्वतः अनुभव घे आणि ठरव.' सल्ला अर्धामुर्धा आहे. घरातल्या कितीतरी समजुती अनुभवावरच तर उभ्या आहेत. नवस फळला, दृष्ट काढल्यावर बाळ झोपलं. न फळलेले नवस कोण मोजतं? आणि रडून दमलेलं बाळ झोपणारच की! म्हणून अनुभव पारखायचा कसा, तेही शिकवायला हवं.

पाळीत लोणच्याला शिवलं तर ते नासतं, असं आजी नातीला बजावते. वाद घालू नका, एकाच लोणच्याच्या दोन छोट्या बरण्या भरा. त्या दिवसांत लेकीनं एकीतलं लोणचं कोरड्या चमच्यानं काढावं, दुसरीतलं आजीनं. मीठ, तेल आणि आंबटपणा लोणचं टिकवतात. ओला चमचा घातला की बुरशी धरते. लेकीला तिचं तिलाच दिसेल. तिला बाजूला बसवणं थांबवायला मात्र बरणीच्या निकालाची वाट पाहू नका.

सगळंच असं तपासत बसायचं का? छे. दिवेलागणीला आजीजवळ बसून परवचा म्हणण्यात तपासण्यासारखं काय आहे? मूल रमत असेल तर रमू द्या, कंटाळत असेल तर सक्ती नको. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळीही, आता पूजाअर्चा बंद पडणार अशी हाकाटी झाली होती. प्रत्यक्षात यात्रा, कीर्तन, भजन यांना कायद्यानं हातही लावला नाही.

आणि हो, आजीशी बोलायचं ते तुम्ही बोला, पोरीच्या तोंडून वदवू नका. चारचौघांत तर नकोच. आजी सासूबाई असतील तर नवऱ्याला पुढे करा. आईशी त्यानं बोलावं.